बारवेतली देवळी

मी चोवीस वर्षांची असताना, सव्वीस मुलींच्या देखत, एका बारवेच्या देवळीत कमरेपर्यंत शिरले आणि तिथंच अडकले. डोकं, खांदे आणि दोन्ही हात भिंतीच्या आत, उरलेल्या बाई बाहेर. बारव म्हणजे पायऱ्यांची दगडी विहीर, आणि देवळी म्हणजे तिच्या भिंतीतला कोनाडा. मूर्ती ठेवायला किंवा दिवा लावायला केलेला. माणूस शिरावा म्हणून तो कुणी केलेला नसतो, एवढं त्या वयात मला समजायला हवं होतं. मी बी.एड. झालेली होते.

आमच्या घरात ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. जावई पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना ती चहाबरोबर देण्यात आली. मीच सांगते, मीच नक्कल करते, आणि दरवेळी स्वतःला थोडी आणखी जाड करून घेते, कारण अडकणारी बाई जाड असली की हशा जास्त पडतो. वास्तविक तेव्हा मी काडी होते. माझा घात केला तो स्वेटरनं. गोष्ट नेहमी हशावर संपते, कारण मी ती नेमकी तिथंच थांबवते.

सहलीचा हंगाम आला की मला ती सांगायची हुक्की येते. दिवाळी सरली, सहामाहीचे पेपर तपासून झाले, आणि थंडी पडू लागली की आमच्या परभणीत शाळांसमोर भल्या सकाळी एसटीच्या गाड्या उभ्या दिसू लागतात. कानटोप्या घातलेल्या पोरी, दप्तराऐवजी डब्याच्या पिशव्या, खिडकीच्या जागेवरून भांडणं. बाहेर शिवारात ज्वारी हुरड्यात आलेली असते, तुरी वाळून खुळखुळ वाजतात, गाड्यावर हरभऱ्याचा डहाळा विकायला येतो. तो सोलता सोलता बोटांना जो आंबट ओलसरपणा लागतो ना, तो मला थेट त्या गाडीत नेऊन बसवतो. सव्वीस मुली, एक मी, आणि मागच्या बाकावर धपाट्यांचा वास.

यंदा नातीनं कागद पुढं केला. सई आठवीत आहे, माझ्याच जुन्या शाळेत.

"आज्जे, इथं सही कर. पालक म्हणून."

"कुठं निघालात?"

"पोखर्णीचा नरसिंह आणि मग एक बारव. तिकडची मस्त साफ केलीय लोकांनी. तुझीच गं, तू अडकलेली!" आणि ती हसत सुटली.

मी चष्मा शोधण्यात जरा जास्तच वेळ घालवला. कागदावर 'बारव' असं स्पष्ट छापलेलं होतं. आमच्या वेळच्या कागदावर तो शब्द नव्हता. मी लिहिलाच नव्हता.

माझ्या त्या वेळच्या वर्गात पुस्तकांची एक पत्र्याची पेटी होती. शनिवारचा शेवटचा तास पेटीचा. मी ती उघडायची आणि मुली तिच्यावर पडायच्या. जे पुस्तक सगळ्यात जास्त फाटलेलं, तेच सगळ्यात लाडकं. त्याची पहिली पानं गेलेली, म्हणून त्याला नाव नव्हतं आणि लिहिणाराही नव्हता. शेवटची पानं गेलेली, म्हणून शेवट नव्हता. मुली त्याला 'कनकाचं पुस्तक' म्हणायच्या. कनका ही चुलत्याच्या घरी वाढलेली पोर. तिला उंबऱ्याबाहेर जायची मुभा नाही; फक्त पाण्याला बारवेवर जाता येतं. एक दिवस तिला तिसऱ्या टप्प्यावरच्या देवळीत भुयार सापडतं. ती आत शिरते, सरपटत पुढं जाते, आणि अंधारात तिच्या तोंडाला गार वारा लागतो. तिथं पान संपतं, पुस्तकही संपतं.

मग भांडण सुरू व्हायचं. कनका कुठं निघाली? एक म्हणायची मामाच्या गावाला. एक म्हणायची थेट परभणी टेसनावर, आणि समोर गाडी उभी. मी मोठ्या ऐटीत फळ्यावर लिहायची, 'कल्पना करा.' तिसऱ्या बाकावरची सुमन तेवढी भांडायची नाही. काटकुळी, दोन वेण्या वर बांधलेली. ती म्हणायची, "कुठंबी निघू द्या. निघाली का न्हाई, तेवढं सांगा."

सुमन दहावीत होती. तिचे वडील अडतीवर दिवाणजी, सगळे त्यांना अण्णा म्हणत. जिंतूरकडच्या एका घरी तिची सुपारी फुटलेली होती. त्या लोकांना माघात लग्न हवं होतं आणि परीक्षा होती मार्चमध्ये. मधे होता तो एवढासा दीड महिना. सहलीच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर नळापाशी तिनं मला गाठलं.

"बाई, अण्णा तारीख काढायलेत."

"मग?"

"तुमी सांगा की त्यांना. लगन मोडा म्हणत न्हाई मी. परीक्षा होऊ द्या, एवढंच म्हणा. तुमचं ऐकतेत ते. बाई लय हुशार हायेत म्हणतेत."

हे शेवटचं वाक्य मला इतकं आवडलं की बाकीचं निम्मंच ऐकू आलं. "येते सोमवारी तुमच्या घरी," मी म्हटलं. "आधी उद्याची सहल तर होऊ दे. तुझ्यासाठी खास गंमत आहे."

"नक्की येता ना सोमवारी?"

"अगं, म्हटलं ना."

त्या चोवीस वर्षांच्या बाईला आता मी समोर बसवून विचारते, का गं बये, अण्णांचं घर बारा मिनिटांवर, तिथं शुक्रवारी संध्याकाळीच जायला तुला काय झालं होतं? तर ती मान वर करून सांगते की ती सुमनला पुस्तक प्रत्यक्ष, बारवेवर नेऊन, दाखवणार आहे. पुस्तक दाखवलं की दार दाखवलं, असं तिला प्रामाणिकपणे वाटतं. तिला दोन थोबाडीत द्याव्यात, नाहीतर जवळ घ्यावं. माझं अजून ठरलेलं नाही.

बारवेवर मुली न्यायला एकही बाप तयार झाला नसता. पाण्याच्या जागी साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात देवता, असतात. वयात आलेली पोर भर दुपारी तिथं गेली की त्या तिला धरतात, हे आमच्याकडं तान्ह्या पोरालाही माहीत. म्हणून मी चिठ्ठीवर लिहिलं, 'पोखर्णी येथे देवदर्शन.' देवाला नाही कोण म्हणणार? सव्वीस बापांच्या सव्वीस सह्या आल्या. अण्णांची सही वळणदार, खाली दोन टिंबं.

मला स्वतःला परवानगी लागायची ती निराळीच. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, दारातच बसायच्या. त्यांना ओलांडून कुणी बाहेर गेलेलं मला आठवत नाही. त्यांनाही मी देवाचंच सांगितलं. त्यांनी मला स्वतः विणलेला राखाडी स्वेटर चढवला आणि बजावलं, "अंगारा आण. आन् सवेटर संभाळ, सहा महिने लागलेत मला."

तर अशी ती बाई निघाली. मुलींच्या बापांना फसवून, सासूला फसवून, स्वातंत्र्यावरचं पुस्तक पिशवीत घालून.

पोखर्णीला पोरींनी धमाल केली. देव खांबातून निघाला हे त्यांनी वाचलं होतं, म्हणून त्यांनी देवळातला एकूण एक खांब टकटक वाजवून पाहिला. पुजारी धावून आले. "ओ बाई, काय करायलेत ह्या पोरी?" मी म्हटलं, अभ्यास. त्यांनी हात जोडले आणि अंगारा दोन पुड्या जास्त दिला, बहुधा लवकर जावं म्हणून. ड्रायव्हरमामांना धपाट्यावर दही घालून दिलं आणि गाडी पुढच्या गावाकडं वळवली.

ती बारव मी आधी एकदाच पाहिली होती, लहानपणी. वरून नुसता गवतातला खड्डा दिसायचा. दहा पायऱ्या उतरल्या की ऊन संपायचं. वीस उतरल्या की आवाज संपायचे. एरवी पाच मिनिटं गप्प न बसणाऱ्या माझ्या पोरी भिंतीला हात लावत, एकमेकींच्या वेण्या धरून उतरत होत्या. खाली हिरवं पाणी, कपारीत पाकोळ्या, चहूबाजूंनी काळा दगड आणि वर चौकोनी आभाळाचा एक तुकडा. मला एकदम आमचं माजघर आठवलं. तिथूनही एवढंच आभाळ दिसायचं.

"बाई," सुमननं विचारलं, "ही तीच हाय का?"

"तीच," मी म्हटलं.

आता सांगा, पुस्तकाला नाव नाही, गाव नाही, आणि ही बाई म्हणते तीच!

तिसऱ्या टप्प्यावर खरंच एक देवळी निघाली. रिकामी, आत अंधार. मुलींचे डोळे एवढाले झाले. मला स्फुरण चढलं. कनका कशी गेली ते दाखवते म्हणाले, पुस्तक हातात घेतलं, पदर खोचला आणि शिरले.

आत कुजक्या पानांचा आणि पाकोळ्यांच्या विष्ठेचा वास होता. हातातलं पुस्तक पुढं निसटलं. ते घ्यायला मी आणखी सरकले, आणि स्वेटर वरच्या दगडाच्या कुठल्यातरी टोकाला अडकला. पुढं जाता येईना, मागं येता येईना. माझाच श्वास भिंतीवर आपटून माझ्या तोंडावर यायला लागला. बाहेरून मुलींचे आवाज येत होते, पण लांबून, पाण्याखालून यावेत तसे. त्यांनी पाय धरून ओढायला सुरुवात केली आणि मी किंचाळले. काय किंचाळले? "स्वेटर! स्वेटर उसवू नका गं!"

वर धुणं धुणाऱ्या बाया धावत आल्या.

"अगं बया! मास्तरीण अडकली!"

"पाय धरा, पाय!"

"न्हाई न्हाई, अगुदर तेल आणा कुणीतरी!"

त्या अंधारात मला कनका आठवली नाही, देव आठवला नाही. मी आत्याबाईंना काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होते. जीव गुदमरत असताना माणूस सासूला घाबरतो, याची मला आज गंमत वाटते. तेव्हा नव्हती वाटली.

शेवटी टर्रकन आवाज झाला आणि मी बाहेर आले. तोंड काळं, केसांत जाळी, पाठीवर स्वेटरची लोंबणारी लोकर. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. मुलीही हसायला लागल्या होत्या. त्यातली एक अगदी साधेपणानं म्हणाली, "बाई, मग वाट न्हाईच का?" मी पदरानं तोंड पुसायला लागले. डोळ्यांत पाणी आलं. धुळीनं आलं असं मी पुढं कित्येक वर्षं सांगितलं.

पुस्तक आतच राहिलं होतं. सुमन पुढं झाली, कुणाला काही न विचारता देवळीत शिरली. तिच्या वेण्यासुद्धा कुठं अडकल्या नाहीत. क्षणभर तिचे नुसते तळवे दिसत होते. मग ती पुस्तक घेऊन बाहेर आली, फ्रॉक झटकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हाय, बाई. वाट हाय. पुढं अंधार हाय, पण तोंडाला गार वारा लागतो."

पोरींनी टाळ्या पिटल्या. बायांचं हसू थांबलं, एकीनं तर देवळीला हात जोडले. आणि मी? मी विश्वास ठेवला. पोखर्णीच्या अंगाऱ्याची शपथ, ठेवला.

घरी आत्याबाईंनी स्वेटर हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"नरसिंहाच्या देवळात हे कशात अडकलं गं?"

"खांबात."

"खांबात? मग देव निघाला का बाहेर?"

त्यांनी जुनी लोकर उसवून गुंडा केला आणि माझ्यासमोर ठेवला. तो गुंडा कितीतरी दिवस तसाच तिथं होता, दाराशी, त्यांच्या मांडीजवळ.

सोमवार उजाडायच्या आत बातमी परभणीत पोचली. बारवेच्या गावातल्या कुणाची बहीण इथं दिलेली, एवढं पुरे होतं. देवाला म्हणून नेल्या आन् भर दुपारी आसरांच्या पाण्यात उतरवल्या! मोठ्या बाईंनी मला लेखी खुलासा मागितला. पत्र्याची पेटी सामानाच्या खोलीत गेली आणि वर कुलूप आलं. सोमवारी मधल्या सुट्टीत अण्णा आले. मला वाटलं ओरडतील. ते फाटकाशी उभे राहिले, टोपी काढून पुन्हा घातली आणि म्हणाले, "बाई, देवाला नेतो म्हणलात." बस्स. एवढं म्हणून ते वळले. त्याच वेळी म्हणता आलं असतं, अण्णा, चूक माझी, शिक्षा तिला नको, परीक्षा होऊ द्या. वाक्य तोंडात तयार होतं. दीड ओळीचं वाक्य. मी खुलासा चार पानांचा लिहिला.

सुमन त्या दिवशी आली नव्हती. पुढंही आली नाही. जिंतूरकडच्या मंडळींच्या कानावर जायच्या आत उरकून टाकावं म्हणून अण्णांनी तारीख अलीकडं घेतली.

मी तिच्या घरी जायला निघाले नव्हते असं नाही. दोनदा निघाले. आत्याबाईंना सांगितलं भाजी आणते. गल्लीच्या तोंडाशी पोचले, अण्णांच्या दारातला निळा पत्रा दिसला, आणि दोन्ही वेळा मेथीची जुडी घेऊन परत फिरले. त्या आठवड्यात आमच्या घरी मेथी फार झाली. माझे यजमान म्हणाले, "अगं, दुसरी भाजी मिळत नाही का?" मी म्हटलं, नाही मिळत.

फेब्रुवारीत तिचं परीक्षेचं प्रवेशपत्र शाळेत आलं. फोटोत दोन वेण्या वर बांधलेल्या. मी ते 'पोचवते' म्हणून घेतलं. अजून माझ्या कपाटात आहे.

मी घरात ती गोष्ट हशावर का थांबवते, ते आता कळलं असेल. पण खरं सांगू? मी अगदीच बेचैन राहिले असंही नाही. माझ्याजवळ सुमनचा तो गार वारा होता. मनात आलं की म्हणायची, तिला वाट सापडली होती, तिनं स्वतः पाहिली होती. पोरगी हुशार, कुठंतरी निघाली असेल. कनकानंतर मी सुमनचाही शेवट मोकळा सोडून दिला आणि खाली मनातल्या मनात लिहिलं, कल्पना करा. पुढं तीस वर्षं नोकरी केली. सहलीला दुसऱ्या बाई जात. मी वर्ग सांभाळायची.

गेल्या आठवड्यात सईच्या शाळेच्या ग्रुपवर बारवेचे फोटो आले. गाळ काढलेला, पायऱ्या धुतलेल्या, पाणी असं की त्यात आभाळ दिसावं. चौथा फोटो देवळीचा होता, आत पूर्ण उजेड पाडून काढलेला. मी दोन बोटांनी तो मोठा केला. आणखी मोठा केला. माझ्या स्वेटरचा वैरी दगड सापडला. त्याच्या पुढं दोन हातांच्या अंतरावर भिंत होती. घडीव, जुनी, सांधा नसलेली भिंत. मी फोन उलटा ठेवला आणि त्या दिवशी जेवले नाही. सुनेला वाटलं ॲसिडिटी.

सहलीच्या सकाळी सईला सोडायला फाटकाशी गेले. गाडी निघाली, पोरींनी हात हलवले, धूर खाली बसला. रस्त्याच्या पलीकडून एक बाई आपल्या नातीला निरोप देऊन वळत होती. सुती लुगडं, वर पुरुषी जाकीट, उन्हानं रापलेला चेहरा. माझ्यासमोर येऊन थांबली.

"बाई, वळखलं का?"

वेण्या नव्हत्या, पांढरा अंबाडा होता. पण उभं राहणं तेच.

"सुमे!"

"हाव की. तुमी तर काडीच राहिल्यात अजून." आणि ती हसली. "सवेटर कुठंय?"

आम्ही शाळेच्या कट्ट्यावर बसलो. ती सांगत होती, मी ऐकत होते. जिंतूरकडं शेत, कापूस आणि सोयाबीन. नवरा गेला त्याला दहा वर्षं झाली, तेव्हापासून शेत तीच बघते. नातीला शिकवायचं म्हणून इथं खोली करून राहिली आहे. आठवड्याला एसटीनं शेतावर जाऊन येते. "पोरगीला मीच सोडते शाळेत," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या भरोशावर न्हाई." ती हे मला टोचायला म्हणाली नाही. ते जास्त लागलं.

मी तिची माफी मागणार होते. तेही मला सरळ जमलं नाही. मी फोन काढला, देवळीचा फोटो मोठा केला आणि तिच्यापुढं धरला. म्हटलं, "सुमे, हे बघ. पलीकडं भिंत आहे गं. वाट नव्हतीच. मी तुला खोटं सांगितलं होतं, हीच ती बारव म्हणून."

तिनं फोन लांब धरून, मान मागं नेऊन बराच वेळ पाहिला. मग तो माझ्या हातात दिला, माझी बोटं त्यावर मिटवली आणि म्हणाली,

"भिंतच होती, बाई. मी हात लावून बघितला होता. बाया हसायल्या होत्या, तुमच्या डोळ्याला पाणी आलं होतं, म्हणून वारा लागतो म्हणले मी. मला कशाला पायजे होतं भुयार? सोमवारी मी शाळंला आले न्हाई ते ओसरी सारवायला थांबले होते, तुमी येणार म्हणून."